बॅरन बेटाच्या पाण्याखाली काय दिसतं? (जाणाऱ्यांसाठी आणि मुंबईतच राहणाऱ्यांसाठीही)

ओहोटी_दादर

अंदमानच्या जुन्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, बॅरनवर पाऊलही ठेवू देत नाहीत, मग एवढ्या लांब जायचं कशाला? प्रतिसादात उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

पाऊल ठेवता येत नाही हे खरं. बेट अभयारण्य आहे, वस्ती नाही, आणि मधला सुळका अजून जिवंत आहे. दक्षिण आशियातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. पण आपल्याला बोटीतून जे काळं बेट दिसतं तो त्या डोंगराचा फक्त शेंडा आहे. सुमारे २२५० मीटर खोल तळावरून हा डोंगर उभा राहिलाय, आणि पाण्याच्या वर त्याचे जेमतेम साडेतीनशे मीटर आहेत. बेटाचा व्यास साधारण तीन किलोमीटर. म्हणजे बघायचं ते बहुतेक सगळं पाण्याखालीच आहे, आणि तिथे जायला बंदी नाही. रीतसर परवाने असलेल्या बोटी पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) जातात. अंतर साधारण १३५ किलोमीटर, रात्रीचा प्रवास, मुक्काम बोटीवरच. हवामान डिसेंबर ते एप्रिल बरं असतं.

आता मुख्य मुद्दा. ज्वालामुखी बेटाचा उतार फार तीव्र असतो. हॅवलॉकला किंवा मालवणला किनाऱ्यापासून बरंच अंतर उथळ पाणी मिळतं. इथे तसं काही नाही. बोटीतून उडी मारली की एका बाजूला काळी भिंत आणि दुसऱ्या बाजूला अथांग निळं. त्यामुळे जे मासे एरवी भर समुद्रात फिरतात ते इथे भिंतीला लागून जातात. डॉगटूथ कुपा (टूना), मोठे ट्रेव्हली, बॅराकुडाचे थवे, इगल रे. आणि प्रवाळात राहणारे लहानमोठे मासे, हेकरूपासून क्लाउनफिशपर्यंत, त्याच भिंतीवर. एकाच डाइव्हमध्ये मान एकदा भिंतीकडे आणि एकदा मागे, असं करत राहावं लागतं. नवखे डायव्हर फक्त भिंत बघतात आणि पाठीमागून काय गेलं ते त्यांना वर आल्यावर कळतं. म्हणून माझा पहिला सल्ला हाच: दर मिनिटाला एकदा निळ्याकडे वळा.

मांटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण तिच्यासाठीच जातात.

मांटा म्हणजे पाकटाच्याच घराण्यातली, पण नांगी नसलेली. रीफ मांटाचा पंखविस्तार तीन-साडेतीन मीटर सहज असतो, महासागरी मांटा त्याहून कितीतरी मोठी. या दोन वेगळ्या जाती आहेत हे २००९ साली नीट मांडलं गेलं. एवढं मोठं जनावर खातं काय, तर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. तोंडाच्या दोन्ही बाजूंचे मऊ पट्टे पुढे काढून ती पाणी आत घेते आणि कल्ल्यातल्या जाळीत प्लवक अडकतं. पोट भरलं की ती 'सफाई केंद्रा'वर येते. भिंतीवरचा एखादा ठरावीक उंचवटा असतो, तिथे क्लीनर रास नावाचे बोटाएवढे मासे राहतात. मांटा त्यांच्या वर येऊन जवळजवळ थांबते आणि ते तिच्या अंगावरचे परजीवी टिपतात.

डायव्हरने इथे काय करायचं? काही नाही. खाली, उंचवट्यापासून लांब, शांत राहायचं. पाठलाग करायचा नाही, तिच्या वरून पोहायचं नाही, बुडबुडे तिच्या पोटावर सोडायचे नाहीत. जो गट शांत बसतो त्याच्या डोक्यावरून ती पुन्हा पुन्हा फिरते. जो मागे लागतो त्याला तिची शेपटी दिसते, आणि उरलेल्या सगळ्यांची संधीही जाते. सफाई केंद्र एकदा बिघडलं की मांटा तिथे यायची थांबू शकते. मांटाला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. त्यामुळे तिला दिलेला त्रास लवकर भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट काळी वाळू. बऱ्याच जणांना ती कंटाळवाणी वाटते आणि ते प्रवाळाकडे पळतात. राख आणि झिजलेला लाव्हा मिळून झालेली ही वाळू. अशा वाळूत गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी एकाच बिळात राहतात. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, ती दिवसभर बीळ उकरते. गोबी दाराशी पहारा देतो. कोळंबीची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली असते, त्याने शेपटी थरथरवली की दोघं आत. हे बघायला दोन मीटरवर पोट वाळूला न लावता तरंगत थांबावं लागतं. दहा मिनिटं दिलीत तर बीळ उकरताना दिसतं. घाई केलीत तर फक्त भोक दिसतं.

तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त भावलेली: ताज्या लाव्हावर उगवणारं प्रवाळ. बॅरनच्या पश्चिम बाजूला विवराची भिंत फुटलेली आहे आणि तिथून लाव्हा समुद्रात उतरलेला आहे. १७८७ मध्ये पहिल्या उद्रेकाची नोंद, १८३२ नंतर दीडशेहून अधिक वर्षं शांतता, मग १९९१ मध्ये पुन्हा सुरू. म्हणजे या बेटावर माझ्या वयाचे आणि माझ्याहून लहान खडक आहेत. नव्या लाव्हाच्या खाली गेलेलं सगळं मेलं असणार, हे उघडच आहे. पण उघडा, खडबडीत, गाळ नसलेला खडक प्रवाळाच्या अळ्यांना हवाच असतो.

याचं सर्वात चांगलं मोजमाप इंडोनेशियात झालंय. बांदा बेटांमधल्या गुनुंग आपी ज्वालामुखीचा १९८८ च्या मे महिन्यात उद्रेक झाला, लाव्हा समुद्रात गेला. पाच वर्षांनी अभ्यासक उतरले तेव्हा त्या लाव्हावर प्रवाळाच्या १२४ जाती होत्या आणि टेबलासारख्या पसरणाऱ्या ॲक्रोपोरा प्रवाळाच्या काही वसाहती ९० सेंटिमीटरहून रुंद. लाव्हा जिथे पोहोचला नव्हता, तिथल्या जुन्या प्रवाळापेक्षा नव्या खडकावरची वाढ जोमदार होती. बॅरनची भिंत बघताना हे आठवलं तर नजर बदलते. कुठला भाग जुना, कुठला नवा, कुठे फक्त शेवाळ आणि कुठे हाताच्या पंजाएवढी पहिली वसाहत, हे ओळखता येऊ लागतं.

प्रश्न असतील तर विचारा.

---

गोरेगाव_पूर्व

सुंदर लेख. वाचनखूण साठवली.
एक बाळबोध शंका. ज्वालामुखी आहे म्हणजे पाणी गरम लागतं का? गंधकाचा वास, त्वचेला त्रास वगैरे? आणि डाइव्ह चालू असताना उद्रेक झाला तर?

ओहोटी_दादर

पाणी नेहमीसारखंच, २७ ते ३० अंश. समुद्र एवढा मोठा आहे की उष्णता पसरून जाते. उलट मध्येच अंगाला एकदम गार पाण्याचा थर लागतो, त्याचं कारण ज्वालामुखी नाही (कुणी जाणकार सांगेल तर बरं). वास वारा असेल तसा, बोटीवर येतो कधीकधी.

उद्रेकाचं म्हणाल तर हा ज्वालामुखी बहुतेक वेळा राख आणि धूर सोडतो, अधूनमधून लाव्हाचे फवारे. २०१७ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधु संकल्प' हे जहाज नमुने गोळा करत असतानाच त्याने राख सोडायला सुरुवात केली. शास्त्रज्ञ मैलभर मागे सरले आणि तिथून निरीक्षण केलं. दिवसा राख, रात्री लाल फवारे. २०२५ च्या सप्टेंबरमध्येही दोनदा सौम्य उद्रेक झाले. बोटवाले आणि प्रशासन परिस्थिती बघूनच सोडतात. जायच्या आठवड्यात बातम्या बघा, आणि कप्तान नाही म्हणाला तर वाद घालू नका.

खरा धोका वेगळा आहे. प्रवाह जोरात असतो आणि भिंतीखाली तळ जवळ नाही. निळ्यात बघता बघता माणूस नकळत खोल जातो. निदान ॲडव्हान्स्ड प्रशिक्षण झालेलं हवं, नुसतं ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) असेल तर १८ मीटरची मर्यादा आणि इथला मजा येणारा भाग जुळत नाहीत. काही झालंच तर उपचार पोर्ट ब्लेअरला, बोटीने कित्येक तास. आणि शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. मुंबईकर सुट्टी वाचवायला नेमकं इथेच गणित कापतात. कृपया कापू नका.

काळा_पाषाण

भूशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर. लेख आवडला, विशेषतः लाव्हाचं वय बघत पोहायची सवय.

बॅरनचा ज्वालामुखी का आहे? भारतीय भूपट्ट बर्मा सूक्ष्मपट्टाखाली सरकतोय. खाली गेलेल्या पट्टातलं पाणी वरच्या प्रावरणात शिरतं, खडक वितळायचं तापमान खाली येतं आणि मॅग्मा तयार होतो. सुमात्रा-जावाच्या रांगेचंच हे उत्तरेकडचं टोक. नारकोंडम बेट त्याच रांगेतलं, पण निद्रिस्त, आणि ७१० मीटर उंच, दाट जंगलाचं. नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त तिथेच आहे. काही बोटी दोन्ही बेटं एका फेरीत करतात.

पण मुंबईकरांना मला दुसरंच सांगायचंय. आपण ज्या खडकावर राहतो तो बसाल्ट आहे. मलबार हिल, वरळी, अंधेरीची गिल्बर्ट हिल, सगळा लाव्हा. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. आणि तो लाव्हा ज्या तप्तबिंदूने (हॉटस्पॉट, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेची जागा) ओतला असं बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात, तो अजून विझलेला नाही. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकला, तप्तबिंदू जागेवर राहिला. वाटेत त्याच्या खुणा आहेत: लक्षद्वीप, मालदीव, चागोसची रांग, मॉरिशस. आज तो हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फूर्नेझ जगातल्या सर्वांत चळवळ्या ज्वालामुखींपैकी एक.

२००७ च्या एप्रिलमध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला, लाव्हा समुद्रात उतरला. तेव्हा खोल पाण्यातले मासे मरून वर तरंगले. ते गोळा केल्यावर त्यांत शास्त्राला आधी माहीत नसलेल्या जातीही निघाल्या. बेटाच्या काळ्या भिंतीवर किती खोलवर काय राहतं हे माणसाला अशा आपत्तीतूनच कळलं, याचं मला फार वाईट वाटतं आणि नवलही. आज त्याच बेटाच्या पश्चिमेला सागरी अभयारण्य आहे, आणि जून ते सप्टेंबर कुबड्या देवमासे पिल्लं घेऊन येतात.

तेव्हा गिरगाव चौपाटीपलीकडच्या खडकावर उभं राहून कोणी विचारलं की ज्वालामुखीचा आणि माझा काय संबंध, तर हा संबंध आहे.

जुहू_बीच_सकाळ

काळा_पाषाण सर, हे माहीतच नव्हतं. आमच्या गिल्बर्ट हिलचं नाव वाचून बरं वाटलं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

वरळीचा_दर्यावर्दी

मी मासेमारी घरातला. आजोबांपासून डोल जाळं आणि गळ दोन्ही. डायव्हिंग कधी केलं नाही, पण ओहोटीताईंनी लिहिलेलं बरंच आमच्या ओळखीचं आहे.

खडप जिथे, तिथे मासा. आमच्याकडे जाणते मासेमार पाण्याखालच्या खडकांच्या जागा किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून लक्षात ठेवतात. अमुक देऊळ आणि तमुक टेकडी एका रेषेत आली की खाली खडक. तिथे जाळं टाकायचं नाही, फाटतं. गळ टाकायचा. गोब्रा, तांब, शेवंड हे खडकाचे. उघड्या चिखलाच्या तळावर कोळंबी, बोंबील. म्हणजे खडक दिसला की मासा कुठला हे आम्ही वरूनच सांगतो, तुम्ही खाली जाऊन बघता.

पाकट आणि मुशी (शार्क) याबद्दल एक सांगतो. पूर्वी मोठ्या पाकटी येत, आता लहानच येतात. मुशीचंही तेच. थोडीच पिल्लं देणारं जनावर जाळ्यात सारखं आलं तर उरणार कसं? मांटासारखी मोठी पाकट चुकून जाळ्यात आली आणि जिवंत असेल तर जाळं कापून तिला सोडायला हवी, असं मी आमच्यात बोलतो. सगळे ऐकतात असं नाही, कारण जाळं महाग आहे आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळायची वाट बघत बसावं लागतं. पण तरुण पोरं ऐकू लागलीत. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती नीट पाळली गेली तरी बराच फरक पडेल.

ओहोटी_दादर

दादा, खुणा जुळवून खडक शोधणं... यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. जीपीएसच्या आधीचं हे ज्ञान लिहून ठेवायला हवं.

मांटाच्या कल्ल्यांना पूर्व आशियात औषध म्हणून मागणी आहे, त्यामुळे काही ठिकाणी ती चुकून नाही, मुद्दाम पकडली जाते. तुमच्यासारख्यांनी आपल्या माणसांत बोलणं हे कायद्याहून जास्त उपयोगाचं.

सागर_विज्ञान

गार थराबद्दल विचारलंय, त्याचं उत्तर.

अंदमान समुद्र 'अंतर्गत लाटां'साठी जगप्रसिद्ध आहे. वर कोमट पाणी, खाली गार पाणी, आणि त्यांच्या सीमेवर लाटा उठतात. भरती-ओहोटीचं पाणी पाण्याखालच्या डोंगररांगांवरून घसरतं तेव्हा त्या तयार होतात. त्यांची उंची पन्नास-साठ मीटरही असू शकते, पण पृष्ठभागावर फक्त चुळबुळणाऱ्या पाण्याचे पट्टे दिसतात. अशी लाट बेटाच्या उतारावर आदळली की खोलचं गार, पोषक पाणी वर चढतं. डायव्हरला तोच गारठा लागतो. त्या पाण्याबरोबर नायट्रेट येतं, त्यावर वनस्पती-प्लवक वाढतं, त्यावर प्राणी-प्लवक, आणि त्यावर मांटा. म्हणून गार थर लागला की वैतागू नका, निळ्याकडे बघा.

याचा आणखी एक फायदा. थायलंडच्या सिमिलान बेटांवर २०१० साली समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं, तेव्हा अंतर्गत लाटा लागणाऱ्या बाजूचं प्रवाळ तुलनेने कमी भाजलं. गार पाण्याच्या झुळका त्याला उसंत देत होत्या. त्याच वर्षी अंदमानातही मोठं विरंजन झालं होतं, नंतर २०१६ आणि २०२४ ही वर्षंही वाईट गेली. तीव्र उताराची, खोल पाण्याला लागून असलेली बेटं काही काळ तग धरू शकतील अशी आशा ठेवायला जागा आहे. काही काळच म्हणतोय. समुद्र तापायचा थांबला नाही तर तीही पुरणार नाही.

ज्वालामुखी पाण्याला खत घालतो हेही खरं. २०१८ मध्ये हवाईतला किलाउएआ ज्वालामुखी समुद्रात लाव्हा ओतत होता तेव्हा तिथे वनस्पती-प्लवक उपग्रहातून दिसण्याइतकं वाढलं. आधी वाटलं लाव्हातल्या लोहामुळे. मोजल्यावर कळलं की मुख्य कारण नायट्रेट, आणि लाव्हात नायट्रेट नसतं. लाव्हाने खोलचं पाणी तापवलं, ते वर आलं आणि पोषकद्रव्यं घेऊन आलं.

पण ज्वालामुखी म्हणजे सगळीकडे बहरच, असं नाही. पापुआ न्यू गिनीत समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात अशा जागा आहेत. तिथे पाणी आम्लाकडे झुकतं. फांद्यांचं नाजूक प्रवाळ कमी होतं, गोट्यांसारखं जाड पोराइट्स उरतं, जाती घटतात. या शतकाच्या अखेरीस सगळाच समुद्र कसा असेल याची ती झलक म्हणून तिथे अभ्यास होतो. स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या एल हिएरोजवळ २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पाण्याखाली उद्रेक झाला, ला रेस्तिंगा गावासमोरचे मासे मेले, मासेमारी बंद पडली. मात्र काही वर्षांतच मासे परतले, कारण शेजारी १९९६ पासून राखीव सागरी क्षेत्र होतं. तिथून पिल्लावळ आली. माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. जवळ राखलेला समुद्र असेल तर उद्ध्वस्त जागा पुन्हा भरते.

शंका_आहे

सगळं छान, पण माझा विरोध नोंदवतो. असे धागे वाचून दोनशे माणसं निघाली तर त्या सफाई केंद्राचं काय होईल? हॅवलॉकला काय झालं ते आपण बघितलंय. सकाळी एकाच जागेवर एवढ्या बोटी, एवढे नवशिके, प्रवाळावर पाय. बॅरन लांब आणि महाग आहे म्हणूनच वाचलंय. त्याची जाहिरात का करायची?

ओहोटी_दादर

तुमचा मुद्दा मला पटतो आणि तरी मी लिहिलं, कारण सांगते. लांब असल्यामुळे जागा सुटते हे फार दिवस टिकत नाही. जी जागा कोणी पाहिलेली नाही तिच्यासाठी बोलायलाही कोणी नसतं. मला हवंय की जाणारे थोडे असावेत आणि नीट शिकलेले असावेत. ज्याला तरंगत स्थिर राहता येत नाही, ज्याच्या पायाखाली अजून वाळू उडते, त्याने बॅरनला जाऊ नये. हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं असं वाटत असेल तर आता लिहिलं. आधी दोन-तीन वर्षं जवळ शिका.

शंका_आहे

एवढं लिहिलंत तर विरोध मागे. पण बोटींच्या संख्येवर मर्यादा हवी या मतावर मी ठाम आहे.

ओहोटी_दादर

त्यावर माझंही मत तेच.

तारकर्ली_माहेर

शिकायचं तर आमच्याकडे या ना. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, ऑक्टोबर ते मे. पाणी अंदमानइतकं स्वच्छ नाही, पण मुंबईच्या मानाने खूपच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ, सी फॅन (पंख्यासारखं प्रवाळ), लायनफिश, मोरे, क्लाउनफिश सगळं आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. आणि कमी दिसणाऱ्या पाण्यात शिकलेला डायव्हर पुढे कुठेही घाबरत नाही, असं आमच्याकडचे प्रशिक्षक सांगतात.

आई_मुलुंड

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, हा धागा मी त्याला वाचून दाखवला. आता तो रोज मांटा काढतोय वहीत. दहा वर्षांपासून ज्युनिअर कोर्स असतो असं ऐकलं, पण इतक्यात खोल पाठवायची माझी तयारी नाही. मुंबईत त्याला काय दाखवता येईल?

ओहोटी_दादर

ताई, खूप काही! आणि एक रुपया न घालवता.

आपल्याकडे खाडीच्या गाळामुळे पाणी गढूळ, उतरून काही दिसत नाही. पण आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी लागते तेव्हा समुद्र स्वतःच बाजूला होतो आणि तो ६.६ कोटी वर्षांचा लाव्हा उघडा पडतो. हाजी अली, कार्टर रोड, जुहूचं उत्तरेचं टोक, गिरगाव. भरतीच्या तक्त्यात ओहोटीची पातळी ०.३ मीटरच्या खाली असेल तो दिवस निवडा. ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोहोचा आणि पाणी वळलं की लगेच मागे फिरा.

वरून खाली बघत जायचं. सगळ्यात वर कोरड्या खडकावर शंख आणि बार्नकल. मग कालवांचा पट्टा. त्याखाली झोॲन्थिडचे (समुद्रफुलांचे भाऊबंद) गालिचे, हिरवे-तपकिरी, हात लावू नये, काहींत विष असतं. डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, ब्रिटल स्टार, नशीब असेल तर छोटा माकूळ नाहीतर ऑक्टोपस. समुद्री गोगलगायी, नखाएवढ्या, पण रंग असे की मुलगा वही बदलेल. अगदी तळाच्या पट्ट्यात प्रवाळ: मुंबईत स्यूडोसिडरास्ट्रिया नावाचं दगडासारखं प्रवाळ चक्क सापडतं, आणि हाजी अली-ब्रीच कँडीकडे सी फॅन. कोस्टल रोडच्या कामात २०२० साली वरळी-हाजी अलीच्या खडकांवरचं काही प्रवाळ शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हलवावं लागलं होतं, इतकं ते खरं आहे.

बॅरनच्या भिंतीवर खोलीप्रमाणे जीव बदलतात. इथे पाण्याबाहेर किती वेळ राहावं लागतं त्याप्रमाणे बदलतात. एकदा मुलाला हे पट्टे ओळखता आले की पुढे कुठलाही खडक त्याला वाचता येईल.

तीन गोष्टी: पकड असलेले बूट, दगड उलटला तर तसाच परत ठेवणं, आणि शंकू शंख जिवंत असू शकतो म्हणून तो उचलायचा नाही, त्याचा दंश घातक असतो. घरी काहीही आणायचं नाही. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेला तुकडासुद्धा नाही. पावसाळ्यात जुहूला निळ्या बाटल्यांसारखे ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे, डंख मारणारे जीव) वाहून येतात, तेव्हा अनवाणी नको.

पहिल्यांदा एकटं जाऊ नका. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'चे लोक २०१७ पासून किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, त्यांच्याबरोबर जा.

वरळीचा_दर्यावर्दी

मुलुंडच्या ताई, वरळीला आलात तर कळवा. सुकतीला (ओहोटीला) खडपावर आमच्या बाया कालवं काढायला जातात, त्यांना कुठल्या खाचेत काय राहतं ते सगळं ठाऊक असतं. मुलाला त्यांच्याबरोबर चालू द्या.

आई_मुलुंड

दादा, नक्की. पुढच्या पौर्णिमेला.

गोरेगाव_पूर्व

शेवटचा प्रश्न. मी डिसेंबरमध्ये बॅरनच्या फेरीत नाव घातलंय (ॲडव्हान्स्ड झालंय, काळजी नसावी). कॅमेरा नेतोय. मांटाचा फोटो कसा काढू?

ओहोटी_दादर

पोटाचा काढा. पाठीचे फोटो सगळे काढतात, पण ओळख पोटावरच्या ठिपक्यांत असते. प्रत्येक मांटाची रचना वेगळी आणि ती आयुष्यभर बदलत नाही. खाली राहून ती डोक्यावरून जाईपर्यंत थांबा, फ्लॅश बंद ठेवा, कल्ल्यांच्या मधला भाग चौकटीत यायला हवा. नर की मादी कळावं म्हणून शेपटीच्या मुळाशी असलेला भागही आला तर उत्तम. परत आल्यावर तारीख, जागा आणि खोली लिहून 'मांटामॅचर' या संकेतस्थळावर चढवा. तिथे जगभरचे डायव्हर असेच फोटो देतात. तीच मांटा पुढे कधी दुसरीकडे दिसली तर ती किती लांब गेली ते कळतं. आपल्या पाण्यातल्या मांटांच्या नोंदी जितक्या वाढतील तितकं चांगलं. इथेही टाका, पोटाचाच.